पिवळा खडू

बोगद्याच्या अलीकडे इलाही मुलाणीचं दुकान.
दुकान म्हणजे एक शटर, पान्यांचा डबा,
पंक्चरच्या पाण्याचं घमेलं
आणि छताला उलटी टांगलेली माझी सायकल.
शटर वर गेलं की सगळा इतिहास
पत्र्यात गुंडाळला जातो.
रात्री खाली आलं की दिसतो,
पिवळ्या खडूनं लिहिलेला.
नावं नाहीत. फक्त फरक,
पहिल्यात आणि दुसऱ्यात उरलेला.

५४ सेकंद. मग १:५१.
मग १:११, आणि शेजारी बारीक अक्षरात :
‘गारा, दरड. घाटातच थांबवली.’

जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटतं मटक्याचे आकडे.
एक हवालदार खरंच चौकशीला आला,
तर इलाहीनं त्याला स्टुलावर बसवून
फरशीवर ओल्या बोटानं फ्रान्स काढून दाखवला.
फ्रान्स वाळेपर्यंत हवालदार बसून होता.

तिकडे ऊन कलतं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ.
मोबाईल पंपाला टेकवलेला.
चित्र अडकतं, मधोमध गोल फिरत राहतं.
‘फिरू दे,’ इलाही म्हणतो,
‘त्याचंबी चाकच हाय.’

ज्या वर्षी सगळं बंद होतं
त्या वर्षी शर्यतीनं जुलै चुकवला, गणपतीत सुटली.
यवतेश्वरच्या घाटात माणूस नाही, फक्त वानरं.
अर्धं शटर ओढून आम्ही आत, तोंडाला मास्क.
पिवळ्या जर्सीवाल्याकडे सत्तावन्न सेकंद होते
आणि खरी लढाई एकाच दिवसाची उरलेली.
इलाहीनं आधीच लिहून ठेवलं : ५७.
मग तो चढ, डोक्यावर वाकडं बसलेलं हेल्मेट,
आणि मागून बाविशीही न गाठलेलं एक पोर.

इलाहीनं तळहातानं सत्तावन्न पुसले.
एकोणसाठ लिहायला खडू धरला तो थेट सकाळी.
मधल्या रात्री एवढंच बोलला :
‘अठ्ठ्याऐंशी साल. सातारा ते कराड आन् माघारी.
अतीतच्या फाट्यावर चेन उतरली माझी.’
पुढचं मी विचारलं नाही.
अजून तो गिऱ्हाइकाची चेन बसवतो
तेव्हा एक कडी बोटानं दोनदा चाचपतो.

पुढच्या वर्षी कुणा बाईनं
आजी-आजोबांसाठी पुठ्ठ्याची पाटी कॅमेऱ्याला दाखवली,
पाठ शर्यतीकडे. निम्मा घोळका आडवा.
मी हसले. इलाही नाही.
‘आपल्याकडं म्हस असती रस्त्यात,’ म्हणाला,
‘तिला निदान आवाज तर देता येतो.’

मग फरक वाढत गेले. ५:२०. २:४३. ७:२९.
इलाही लिहायचा, पण खडू कंटाळल्यासारखा चालायचा.

आणि मग त्या ऑगस्टात बायकांची शर्यत.
तीन दिवस आधी पडलेली एक,
शेवटच्या डोंगरावर सगळ्यांच्या पुढे,
दिवस तिचा, घाट तिचा,
आणि अख्खी शर्यत दुसरीची.
चार सेकंदांनी.

इलाहीनं ४ काढला. टीचभर. शटरच्या अगदी खाली,
जिथं माझ्या गुडघ्यापर्यंत नजर येते.
मग माझ्याकडे बघितलं.
‘चार सेकंद म्हंजे किती गं?’
मला सांगता येईना.
त्यानं उलट्या सायकलचं पॅडल एकदा फिरवलं,
चेन अडकवली, सोडवली.
‘एवढं.’

आता पहाटे पाचला तो चौथ्या वळणावर उभा असतो,
कानटोपी, गळ्यात दोरीचं स्टॉपवॉच.
धुक्यातून आधी दुधाच्या किटल्या येतात, मग मी.
वेळ तो सांगत नाही.
विचारलं तर म्हणतो, ‘श्वास घे आधी.’

काल रात्री दुकानावरून गेले.
चारच्या खाली एक नवा आकडा होता,
त्यापुढे ना साल, ना खूण.
वाकून वाचायला गेले
तर आतून इलाहीनं शटर वर ओढलं,
विसरलेली छत्री घ्यायला.